अर्धा क्रूस

१२ मार्च, बुधवार

आज पुन्हा तेच! संध्याकाळी सासऱ्यांच्या हातात जपमाळ दिली, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. लकवा मारल्यापासून बाबांच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द नाही. मी लग्न होऊन कॅम्प चार वस्तीतल्या या घरात आले, तेव्हा याच माणसाने दरडावलं होतं — "पोरी, प्रार्थना झाल्याबिगर ताट वाढायचं न्हाई." आता ताट आधी, आणि प्रार्थना नाहीच. विकास म्हणतो, जाऊ दे, आजारी माणूस. त्याला अजून बापाची भीती वाटते. मला राग येतो.

१५ मार्च, शनिवार

चूक केली. मोठी.

मला वाटलं, उजवा हात उचलत नाही म्हणून गाडी अडलीय. क्रूसाची खूण उजव्याच हाताने करायची — हे त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मी डावखुरी, आणि माहेर बदलापूर गावात, हिंदू शेतकऱ्याचं. आमच्यात देवापुढे दोन्ही हात जोडायचे, कुठला पुढे हा प्रश्नच नाही! माझा हात चुकला की बाबा खेकसायचे.

तर आज मी त्यांचा लुळा हात मनगटाला धरून त्यांच्या कपाळाला लावला. मग छातीला. तोंडाने "पित्याच्या व पुत्राच्या—"

"बाहुला हाय का मी? सोड!"

ओरडले, आणि मग रडले. बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

१६ मार्च, रविवार

फादर घरी कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आले. म्हणाले, "काका, डाव्या हाताने खूण करा. देव काय हात बघतो?"

बाबा म्हणाले, "देव नसंल बघत. म्या बघतो." कम्युनियन घेतलंच नाही. हट्ट तरी किती!

दारात मी फादरना विचारलं, एवढ्याशा खुणेचं एवढं काय? ते चपला घालता घालता म्हणाले, "सगळा माणूस देवाच्या हवाली करायचा असतो, श्रद्धा. डोकं, काळीज, दोन्ही खांदे. काहीच मागे ठेवायचं नाही." दिवसभर तेच डोक्यात.

२० मार्च

नळाला पाणी नाही. हंडा घेऊन दोनदा टँकरवर गेले.

२५ मार्च, मंगळवार

अंगाला तेल चोळत होते. बाबा आपणहून बोलले!

"फादरला सांगू नको. तू पाण्याला गेलीस की म्या डाव्या हातानं करून बघतो. कपाळ, छाती, डावा खांदा. उजव्यावर हात टेकवतो, तर तिथं काय लागतच न्हाई. मेलाय त्यो खांदा. क्रूस अर्धाच ऱ्हातो. अर्ध्या क्रूसावर आमेन कसं म्हणू?"

मी तेल चोळतच राहिले. इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणि हा माणूस रोज प्रयत्न करून रोज हरत होता — कुणाला दिसू न देता.

३१ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. विकास गॅलरीत जाऊन उभा राहिला, बराच वेळ आत आला नाही. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंय. चहा पाजताना म्हणाले, "असाच जायचो म्या. आमेनबिगर." मी म्हटलं, "असं बोलू नका."

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी बाबांना उठवून बसवलं. उजवीकडे कलंडतात, म्हणून मी त्या बाजूला अगदी चिकटून बसले. त्यांचा डावा हात कपाळाला गेला. छातीला. डाव्या खांद्याला. मग तो त्यांच्या उजव्या खांद्यावर थांबलाच नाही — पुढे येऊन माझ्या खांद्यावर टेकला.

"लागलं का गं?"

"लागलं, बाबा."

"आमेन."