मनगटावरचा वळ

रविवार, संध्याकाळी साडेसात

समोरचे जोशीकाका समीरला बघायला येऊन गेले. "ट्रेकला काठ्या घेऊन गेलात आणि प्लास्टर घेऊन आलात," म्हणाले. समीर हसला. मग त्याने नेहमीचंच सांगितलं, की बर्फाच्या उतारावर बायको घाबरली, म्हणून मी माझी काठी तिला दिली आणि स्वतः घसरलो. काका मला म्हणाले, "नशीबवान आहेस हो!" मी चहाचे कप उचलून आत आले.

दिली म्हणे!

दुकानात काटकसर त्याचीच. दोघांत एक जोडी पुरे, एकेक काठी धरू. उतारावर माझा पाय सरकला आणि मी त्याची काठी ओढली. तिचा पट्टा त्याच्या मनगटात अडकवलेला होता. तो "थांब, थांब" ओरडत होता. पट्टा मला दिसत होता का? हो, दिसत होता. तरी ओढली. काठी माझ्या हातात आली आणि तो खाली गेला.

मघाशी सासूबाई त्याच्या हाताला तेल चोळत होत्या. "पाय मोडला, मग मनगटावर हा वळ कसला रे?"

मी दारातच थबकले. हिंजवडीच्या ऑफिसातून येताना बसमध्येही हाच वळ डोळ्यांपुढे असतो. पट्टा दिसत होता, हे समीरला सांगून टाकावं? आठ दिवस गप्प का बसलीस, असं विचारेल. की त्याला सगळं माहीतच आहे?

"घड्याळाचा पट्टा आवळला असेल अगं," समीर म्हणाला. "जाईल चार दिवसांत."

बोलला आईशी. बघत होता माझ्याकडे.