बाटलीतली हळद

एरंडोल, ६ एप्रिल १९८७

ती. प्रमिलाअक्कास,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

तू देवपूरला सुखात, भाऊजी औषधांच्या दुकानात दंग, आणि इथे तुझी बहीण नुसती खाजवते आहे. बोटांच्या बेचक्यांत खरूज! गंधकाचं मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात होणाऱ्या सासूबाई स्वतः बांगड्या भरायला येणार. माझे हात त्यांच्या हातात जाणार गं! त्यांनी पाहिलं तर लग्न मोडेल, या भीतीने आईला घास जात नाही. लवकर काहीतरी पाठव.

तुझीच,
कमल


देवपूर, धुळे, ९ एप्रिल

चि. कमलीस,
अ. उ. आ.

वेडाबाई, रडू नकोस. ह्यांनी पांढऱ्या औषधाच्या बाटल्या दिल्या आहेत, तिकडे निघालेल्या भिकनभाऊंबरोबर पाठवते. चूक कुठे होते तेही ह्यांनी ओळखलं. एकटी तूच लावतेस. घरातल्या प्रत्येकाने, खाजत असो वा नसो, एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. कपडे, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. आबांनी कुरकुर केली तर माझं नाव सांग.

लोभ आहेच, तो तुझ्या खाजेसारखा वाढू दे.

तुझी,
अक्का


एरंडोल, १८ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोट धरून हसायला बस. पांढरे हातपाय बघून लोक विचारतील, म्हणून आईने औषधात हळद कालवली. पिवळेजर्द आबा ओट्यावर जाऊन बसले आणि समोरच्या तानुबाईंनी पाहिलं. आम्हाला न बोलावता हळद लावता होय, म्हणत त्या गल्लीतल्या बायका घेऊन, गाणी म्हणतच आत शिरल्या. वास कसला म्हणून विचारलं, तेव्हा आईने खरं सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तानुबाईंनी पाठ पुढे केली, तिथेही खाजतं म्हणाल्या! मग काय, अख्ख्या गल्लीने पोराबाळांसकट औषध चोपडून घेतलं.

काल सासूबाई आल्या. हात स्वच्छ होते, बांगड्या छान चढल्या. निघताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. तानुबाईंकडून त्यांना सगळं कळलं होतं! म्हटलं, आता मोडलं लग्न. तर त्या हळूच म्हणाल्या, की तसली हळद ‘बठ्ठा घरले’, म्हणजे सगळ्या घराला, पुरेल एवढी मिळेल का. चिरंजीव महिनाभर खाजवताहेत, आणि आम्हाला कळून लग्न मोडेल या भीतीने सासूबाईंनाही घास जात नव्हता.

तेव्हा भाऊजींना सांग, आणखी बाटल्या हव्यात. उष्टी हळद नवऱ्याकडून येते ना? आमची इकडूनच निघाली आहे.

लोभ असू दे, खाज नको.

तुझी आनंदी,
कमल