घोड्याचा पाचवा पाय

चि. बंड्यास,

आशीर्वाद राहू दे, आधी ऐकून घे.

परवा तुझ्या घरी मी आणि तुझ्या लेकीने सुट्टी म्हणून बिस्किटं केली. साच्याने घोडे कापले. एका घोड्याला तिने उरल्या पिठाचा पाचवा पाय चिकटवला. म्हणाली, "दमला तर कामाला येईल, आजी." वर निळं आयसिंग आणि पोटावर लाल ठिपके. आणि तू काय केलंस? साहेब चहाला येणार म्हणून तो पाय मोडून खाल्लास, सुरीने रंग खरवडलास आणि पांढऱ्या सरळ रेघा ओढल्यास. पोर दारात उभी राहून बघत होती. तुझी अक्कल काय चरायला गेली होती? साहेबाने बिस्किट चहात बुडवलं नि गिळलं, पाय मोजत नाही बसला.

काल ती माझ्याकडे आली. आयसिंगचा कोन हातात दिला तर म्हणाली, "तूच कर आजी, माझं घाण होतं." सहा वर्षांच्या पोरीने असं बोलावं?

तुझे कान उपटावेसे वाटताहेत, पण खोटं लिहवत नाही. तू लहानपणी रंगवलेली बिस्किटं शेजारी देण्याआधी मीही पुसून नीट करायचे. तू खेळायला गेलेला असायचास, तुला कळत नसेल असं धरून चालले. सातव्या वर्षी तू कोन हातात घेणं सोडलंस, तेव्हाही मी कारण विचारलं नाही.

हे पत्र टाकत नाही. फोनच करून सांगते: रविवारी लेकीला घेऊन ये. तिच्यादेखत आधी मी तुझी माफी मागेन, मग तू तिची माग.

अजून चिडलेली,
आई