कळलावीच्या अकरा पुड्या

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

स्वतःच्या हातानं केलेलं: सागाचं चोवीस कप्प्यांचं कपाट. दगडी खल. मलमलीची चाळणी, कापड तीनदा बदललं. आणि आज कळलावीच्या कंदाची पूड, अकरा पुड्या. प्रत्येकीत पाच ग्रॅम, घडी एकसारखी.

माझे गुरू पंजाबराव यांच्याकडे नऊ वर्षं नुसतं बघून शिकलो. ते कंद सहाणेवर उगाळायचे आणि दुखऱ्या गुडघ्यावर स्वतः लेप लावायचे. उगाळण्यात कमीजास्त होतंच. माझी पूड मोजून असते. त्यांना हे जमलं नसतं!

७ नोव्हेंबर

सकाळी बडनेऱ्याचे बद्रुद्दीनभाई आले. रेल्वेतून निवृत्त, गुडघे धरलेले. रीत त्यांना ठाऊक होती — औषध देताना-घेताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, गुण येईपर्यंत देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणाले, "चाळीस वर्सं जैनबबीसमोर चूप बसून राह्यलो भाऊ, इथं दोन मिनिटं काय जड हाये?" मग खरंच गप्प झाले. मी पुडी हातावर ठेवली. गेले.

९ नोव्हेंबर, दुपार

बद्रुद्दीनभाईंच्या बायकोचा, जैनबबींचा फोन. कालपासून उलट्या, जुलाब. अमरावतीला दवाखान्यात ठेवलंय. काय खाल्लं म्हणून डॉक्टर विचारतात, हे सांगत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बघतो.

फोन ठेवल्यावर उमगलं. पुडी! पुडीतलं औषध माणूस पाण्यासोबत घेतो. लेपाचं आहे हे सांगायला तोंड उघडायला हवं होतं. कळलावी पोटात गेली तर विष — हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

अर्धा तास बसून आहे. लिहिणं हीसुद्धा टाळाटाळच. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

डॉक्टर आकांक्षा, पुतणीच्या वयाची. तिच्या टेबलावर मी कंद ठेवला. कोणी दिला, तिनं विचारलं.

"मी. पूड करून. लावायची होती, सांगितलं नाही."

किती, कधी, हे तिनं लिहून घेतलं. ग्रॅम अचूक सांगता आले. तेवढंच आलं. ती म्हणाली, आधी कळलं असतं तर बरं होतं. पुढचे आठ दिवस कठीण.

बद्रुद्दीनभाईंच्या हाताला सलाईन. मला बघून तोंड भिंतीकडे केलं. वाटलं, रागावले. मग हळूच —

"तुमी कायले आले भाऊ? मी तर नाव घेतलंच नव्हतं."

११ नोव्हेंबर

रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. जैनबबी माझ्याशी बोलत नाहीत.

१४ नोव्हेंबर

अडलेली लघवी सुटली. पेशी थोड्या वर. उरलेल्या दहा पुड्या खड्डा करून पुरल्या. मोजल्या, दहाच होत्या.

२३ नोव्हेंबर

घरी आणलं. डोक्यावरचे केस गेले, भुवयासुद्धा. जैनबबींनी चहा दिला, पहिल्यांदाच. म्हणाल्या, "सूरत बदलली, भाऊ. जिद्द तेच हाये."

१ डिसेंबर, रविवार

बडनेऱ्यात बोलणं असं — एका पुडीत गुडघा मोकळा झाला, उलट्यांतून सगळी घाण निघाली. सकाळपासून माझ्या दाराशी सात माणसं. प्रत्येकाला सांगितलं, ते विष होतं, माणूस दवाखान्यानं वाचवला. त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

दुपारी जठारपेठेतला दुकानदार ओमप्रकाश अकोल्याहून गाडी करून आला. महिन्याला हजार पुड्या, पाकिटावर माझं नाव. चाळीस हजार रुपये. नाही म्हटलं.