डिझेलवर चालणारी स्कूटी

शनिवार, २६ जुलै, भुकूम

प्रामाणिक राहायचं तर घरच्यांना दुखवूनच का? गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवत स्कूटीवर फिरते, त्या पेट्रोलची करात वजावट मिळते, एवढंच आप्पांना सांगितलं होतं. त्यांनी पंपावरून लोकांनी टाकलेल्या पावत्यांची पिशवीच भरून आणली. त्यात डिझेलच्याही! स्कूटीला डिझेल?

"आगं पोरी, समदेच लावत्यात. येवढी शिकलीस ती काय सरकारचं घर भराया?"

मग काय चोरी करायला शिकले? करसल्लागारही हसला, "मॅडम, कोण बघतंय?"

मी बघतेय ना! डिझेल म्हणे!

फक्त माझ्या पावत्या लावून रिटर्न भरलं. पिशवी बंबात घातली. आप्पा समोरच बसले होते.