बाबांची पट्टी, काकांचा वॉल्ट्झ

शनि. ३ जून २००६, पोरिरुआ
वॉल्ट्झच्या मधेच अल्सीदकाकांचा फिडलवरचा, म्हणजे व्हायोलिनवरचाच, बो थांबला. हात थरथरत होता. मी नेहमीसारखी सेकंड फिडलवर, खालून नुसता ठेका धरून. अकॉर्डियन चालू राहिलं म्हणून नाचणाऱ्यांना कळलं नाही. नंतर म्हणाले, "सतराच्या डान्सला पुढे तू."

काका लुइझियानाचे. बोटीवर स्वयंपाकी होते, इथल्या नर्सशी लग्न करून राहिले. इतकी वर्षं हा केजन, म्हणजे तिकडच्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा, डान्स त्यांच्याच फिडलवर चालला. त्यांचा मुलगा वाजवत नाही. मी हो म्हटलं.
बाबांना न विचारता.

रवि. ४ जून
माझं व्हायोलिन तडकल्यापासून आम्हा दोघांत बाबांचं एकच. हॉलवर अकॉर्डियनसाठी सगळ्या तारा एक स्वर उतरवते, परतताना गाडीतच चढवते. बाबांना फक्त "प्रॅक्टिसला जाते" सांगते. खोटं नाही. पण...
दुसऱ्याचं वादन उचलायचं तर आधी गुरूची परवानगी, हा आमच्या घरचा नियम. आणि माझे गुरू बाबाच.

शनि. १० जून
काकांच्या किचनमध्ये तालीम. मी सवयीने जमिनीवर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून बसले. काका म्हणाले, बापाने शिकवलंय तसंच बस. त्यांच्या बापाने त्यांना घराबाहेर पायरीवर बसवून शिकवलं होतं, "फार वाईट वाजवायचो म्हणून." पुढे त्याच बापाच्या मनाविरुद्ध डान्स हॉलांतून वाजवत फिरले. बापाने एकदाही येऊन ऐकलं नाही. हे सांगताना हसले नाहीत.
मी मींड घेतली की काकांचे डोळे मिटतात. "ती घसरण ठेव, शा." शा म्हणजे लाडके.

रवि. ११ जून
काल पाऊस फार. धावत घरात शिरले. तारा चढवायच्या राहिल्या.
सकाळी चहा टाकत होते. बाबांनी पहिला सा लावला आणि थांबले. खुंटी पिळल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन राहिले. आला नाही. त्याच उतरलेल्या पट्टीत अख्खा तोडी वाजवला. चहा उतू गेला.
मग म्हणाले, "ही पट्टी कोणाची?"
"अकॉर्डियनची."
बाबांनी तारांवरची रोझिनची पूड पुसली. व्हायोलिनची केस बंद केली.

बुध. १४ जून
फार्मसीत कामावर आज प्रत्येक लेबल दोनदा वाचलं. रात्री बाबांना सगळं सांगितलं. काकांचा हात, सतरा तारीख, सगळं.
"तू मागितलंस, की त्यांनी दिलं?"
"त्यांनी दिलं."
"मग मला विचारायला काय झालं होतं, मनू?"
"तुम्ही नाही म्हणाला असतात," हे ओठांवर आलं. गिळलं. केस बाबांच्या खोलीत. शनिवारचं काय, ते ठरलंच नाही. काकांना फोन करवेना.

शनि. १७ जून, हॉलचं किचन
निघायच्या वेळी बाबा दारात. कोट, मफलर, हातात केस. गाडीत म्हणाले, "पट्टी चढीच लावलीय. उतरवायची तर माझ्यासमोर उतरव."
आत्ता पहिल्या बाकावर बसलेत, कोट न काढता. शेजारी काका, उजवा हात मांडीखाली दाबून. लोक जोड्या लावून उभे.
अकॉर्डियनवाला सूर देतोय. जाते, बाबांसमोर तारा उतरवायला.