नागभीडच्या मंडळात माझं नाव

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी या वयात तुमच्या नागभीडच्या वसतिगृहाच्या माजी मुलींच्या मंडळात नाव घालायला धडपडते आहे. भद्रावतीच्या शाळेच्या मंडळात मी आधीच आहे. तिथून दहावी झाले, म्हणून तिथल्या बायका हक्काने बोलावतात, हळदीकुंकवाला माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही. पण तिथे मी एकच वर्ष होते आणि तुमच्याकडे पाच. नागभीडला मात्र नियम असा, की दहावीपर्यंत राहिलेलीच मुलगी मंडळात घ्यायची, आणि तीही दुसऱ्या मंडळात नसलेली. जशी काही मी दोन सासरं करायला निघाले!

तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला दिवस मला अजून दिसतो. वडिलांना भद्रावतीला काम लागलं होतं, ते मला न्यायला आलेत. माझी तांदूळ निवडायची पाळी आहे. तुम्ही चुलीपाशी भाताचं शीत दाबून बघताय, माझ्याकडे बघत नाही. "काऊन रडून राह्यली? सूप जागेवर ठेव अन् जाय." एवढंच बोललात. फाटकापर्यंतही आला नाहीत. रागावला होतात, की तुम्हालाही वाईट वाटत होतं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. भद्रावतीच्या शाळेत बाकावर बसले की मी तुमच्या भाताचा वास आठवत बसायचे.

नागभीडच्या मंडळाची अध्यक्ष म्हणजे वसतिगृहातली माझ्या शेजारच्या खाटेवरची मैत्रीण. परवा फोनवर म्हणाली, "तू तं आता तिकडची झाली. दोन्हीकडं कसं जमन?"

"काऊन नाई जमत? मले दोन्ही पाहिजे."

ती हसली. मग म्हणाली, "निघतांनी बाई काही म्हणल्या होत्या का तुले? बाईनं आपली म्हटलं असन तं कोणी तोंड उघडणार नाई."

"म्हणल्या ना," मी म्हटलं. "ही कुठीबी गेली तरी इथलीच पोरगी, असं म्हणल्या."

पलीकडे तिला रडू आलं. तिने माझं नाव लिहून घेतलं, भद्रावतीचं सोड असंही म्हणाली नाही. रविवारी मेळावा आहे, मी जाणार आहे.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तिथे कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन, आणि सांगताना मला ते खरं वाटेल. तुम्ही एकदा तरी तसं म्हणायला हवं होतं, बाई.